पाच मिनिटांचा सेट: जानेवारी ते जूनच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्यात. ठरवलंय इतकंच, की जून संपेपर्यंत स्टँडअपचा, म्हणजे एकट्याने माइकसमोर उभं राहून करायच्या विनोदांचा, पाच मिनिटांचा एक सेट उभा करायचा, मराठीतून, सगळा स्वतः लिहिलेला, आणि तो अनोळखी लोकांसमोर चालला पाहिजे. मित्रमंडळी हसतात ती आपल्याला ओळखतात म्हणून, ते हसू मोजायचं नाही. टायमर लावून एक लेख नेहमीच्या बोलण्याच्या वेगात मोठ्याने वाचून बघितला तर मिनिटाला साधारण १२५ शब्द होतायत, म्हणजे पाच मिनिटांना सव्वासहाशे, त्यातून हशासाठी आणि श्वासासाठी जागा सोडली की हातात उरतात जेमतेम साडेचारशे. ताईने फोनवर विचारलं, दीड पान लिहायला सहा महिने कशाला लागतात गं? मला आत्ता उत्तर देता आलं नाही.

१२ जानेवारी

रोज सकाळी दहा प्रिमाइस लिहितेय. प्रिमाइस म्हणजे ज्या गोष्टीवर विनोद उभा राहणार ती गोष्ट, विनोद अजून यायचाय. आठ दिवसांत ८० झाले, त्यातले सहा बरे आहेत. एक मात्र स्पष्ट दिसलं, “आज काय गमतीदार घडलं” असं स्वतःला विचारून लिहिलेले सगळेच्या सगळे फिके पडलेत आणि “आज काय खटकलं, काय विचित्र वाटलं, कशाची लाज वाटली” असं विचारून लिहिलेल्यांत जीव आहे. ते सहाच्या सहा तिकडून आलेत.

शाळेत शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ विनोद असं शिकलो होतो आणि मुळाशी विसंगती असते हेही पाठ होतं, पण विसंगती नुसती सापडून भागत नाही, ती कुठल्या क्षणी उघड करायची हे काम आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्येच म्हणून ठेवलंय की ताणलेली अपेक्षा एकदम शून्यावर आली की हसू फुटतं. मला यातला “ताणलेली” हा शब्द फार कामाचा वाटला. सेटअपचं, म्हणजे विनोदाच्या आधीच्या मांडणीचं, काम ताणायचं, पंचचं, म्हणजे हसवणाऱ्या शेवटच्या वाक्याचं, सोडायचं. माझे सेटअप आत्ता काहीच ताणत नाहीयेत, नुसती माहिती देतायत.

२१ जानेवारी

बाबांच्या फोनचा विनोद. पहिला मसुदा जसाच्या तसा उतरवून ठेवते, नंतर तुलना करायला:

“माझे बाबा फोनवर खूप मोठ्याने बोलतात, म्हणजे समोरचा माणूस जितका लांब तितका त्यांचा आवाज मोठा होतो, खालच्या मजल्यावरच्या माणसाशी हळू बोलतात, दुसऱ्या गावातल्याशी जरा मोठ्याने आणि ताई परदेशात असते तर तिच्याशी बोलताना त्यांना फोनची गरजच नाहीये असं आई म्हणते.”

गोष्ट खरी आहे, चित्र दिसतं, अंतर वाढत जातं तसा आवाजही वाढतो म्हणजे तीन पायऱ्याही आपोआप आल्यात. तरी वाचून काही होत नाही. रात्री खोलीत एकटीने चार वेळा म्हणून बघितलं आणि हा विनोदच नाहीये असं वाटायला लागलं.

२३ जानेवारी

परवाच्या निराशेवर एक उतारा सापडला. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोक रोजच्या बोलण्यात कधी हसतात ते टिपलं, १,२०० च्या आसपास प्रसंग, आणि विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचं हसू त्यात २० टक्क्यांपेक्षाही कमी निघालं. बाकी सगळं “बरं चल, भेटू” छाप वाक्यांवर. शिवाय माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण ३० पट जास्त चारचौघांत हसतो असंही त्याला दिसलं. म्हणजे बंद खोलीत एकटीने विनोद तपासणं ही पद्धतच चूक आहे, तिथे तो नापास होणारच. ओपन माइकला, म्हणजे नाव देईल त्याला काही मिनिटं स्टेज मिळतं त्या कार्यक्रमाला, नाव दिलं, २ फेब्रुवारी.

३ फेब्रुवारी

झालं काल. ४ मिनिटं ४० सेकंद. नवव्या नंबरवर होते, समोर साधारण पंचवीस माणसं, त्यातली निम्मी स्वतःच नावं दिलेली, आपापल्या वह्यांत बघत बसलेली. दोन गोष्टी लगेच लिहून ठेवते. एक, माइक स्टँडमधून काढल्यावर स्टँड उचलून मागे ठेवायचा, मी तो पुढ्यातच ठेवला आणि पूर्ण वेळ त्याच्या आडून बोलत राहिले. दोन, पहिलं हसू ५२ व्या सेकंदाला आलं, फार उशीर. लोक पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत ठरवत असतात की या माणसाच्या हातात स्वतःला सोपवायचं की नाही आणि मी त्या वेळात माझं नाव, मी काय करते, मी पहिल्यांदा आलेय हे सांगत बसले होते. ते सगळं काढायचं.

बाबांचा विनोद: काहीच नाही. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

५ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग ऐकायला दोन दिवस धीर झाला नाही, आज ऐकलं. प्रत्येक हसण्यापुढे वहीत “हसले” एवढंच लिहीत होते पण सगळी हसणी सारखी नसतात ना, कुठे एकच जण फुसकन हसतो, कुठे अख्खी रांग. मग नाट्यशास्त्र आठवलं. भरतमुनींनी हास्यरसात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत. स्मित म्हणजे गाल किंचित फुललेले, दात न दिसणारं. हसित, तोंड-डोळे फुललेले, दात जरा दिसतात. विहसितात आवाज येतो पण गोड आणि वेळेवर. उपहसितात नाक फुगतं, खांदे आणि मान वाकते. अपहसितात अवेळी हसू, डोळ्यांत पाणी, खांदे-डोकं हलतं, आणि अतिहसित म्हणजे कुशी धरून मोठ्याने. दोन-दोनाच्या जोड्या करून त्या उत्तम, मध्यम, अधम अशा माणसांना वाटून दिल्यात, ती वाटणी मला नकोय, पण प्रकार इतके बारीक बघितलेत की मोजपट्टी म्हणून आयते मिळाले. आता वहीत १ ते ६ आकडे टाकतेय.

आणि हे करताना लक्षात आलं की स्मित आणि हसित रेकॉर्डिंगमध्ये ऐकूच येणार नाहीत, त्यांना आवाज नाही! म्हणजे मी ज्याला “काहीच नाही” म्हणत होते तिथे एक किंवा दोन असू शकतो. मागच्या रांगेत बसलेल्या मैत्रिणीला विचारलं, बाबांच्या वेळी लोकांचे चेहरे कसे होते? ती म्हणाली, “अगं, हसणार होते सगळे, तोंडं उघडलेली, पण तू थांबलीच नाहीस, वाक्य संपतच नव्हतं तुझं.”

वाक्य संपतच नव्हतं. हे लाल पेनने लिहिलंय.

१६ फेब्रुवारी

गेले अकरा दिवस याच एका गोष्टीवर. हसू फुटायचा शब्द कुठला? “गरजच नाही.” त्याच्यानंतर मी काय बोलत होते? “ये असं आई म्हणते.” लोक हसायला तोंड उघडतात आणि मी वर आणखी तीन शब्द ठेवते, मग ते शिष्टाचाराने तोंड मिटून ऐकायला लागतात.

हा माझा एकटीचा घोळ नाही, लिहिलेल्या मराठीची ठेवणच तशी आहे. क्रियापद शेवटी, त्याच्या मागे आहे-होतं-असतं, त्याच्याही मागे “असं म्हणाला”. धक्क्याचा शब्द मधे आणि वर शेपूट. पण बोलताना, विशेषतः चिडल्यावर किंवा आनंदात, आपण असं कुठे बोलतो? “कुठे ठेवलीस किल्ली?” “संपली एकदाची परीक्षा!” “आली का ताई?” बोलीत नाम सरळ उचलून क्रियापदाच्या पलीकडे टाकतो आपण आणि कोणाला ते चुकीचं वाटत नाही. म्हणजे शेवटची जागा रिकामी करून द्यायची सोय भाषेत आधीपासून आहे, मी ती वहीत आणत नव्हते एवढंच, कारण वही हातात आली की मी निबंधाच्या मराठीत जाते.

म्हणून आता तीन कामं. “म्हणाला” वाक्याच्या आधी आणायचं (बाबा म्हणतात, कोलन, मग वाक्य). “आहे” शक्य तिथे गाळायचं. आणि धक्क्याचा शब्द शेवटच्या जागी नेऊन ठेवायचा. अख्खा सेट मोठ्याने बोलत पुन्हा लिहिला, वही बंद ठेवून, फोनवर रेकॉर्ड करत, आणि मग ऐकून उतरवला. बाबांचा विनोद आता असा:

“बाबा फोनवर अंतर बघून आवाज लावतात. खालच्या मजल्यावर, हळू. दुसऱ्या गावाला, जरा वर. ताई गेली परदेशात. आता बाबांना लागत नाही फोन.”

चाळीसच्या आसपास शब्द होते त्याचे वीस-बावीस झाले.

२ मार्च

तीन ओपन माइक झाले या पंधरवड्यात. सेटअप आता ताणतो, “जरा वर” ला पहिलं ऐकू येणारं हसू येतंय, तीन नंबरचं. पण शेवटच्या वाक्याला काहीतरी अडतंय, तिन्ही ठिकाणी तेच, दीड सेकंद शांतता आणि मग दोन-चार जण.

काल एका काकांनी खाली उतरल्यावर विचारलं, “रेंज नसते का तुमच्याकडे?” मी बघतच राहिले. मग घरी येताना उलगडलं, “बाबांना फोन लागत नाही” याचा रोजचा अर्थ काय, तर आपण फोन लावतोय आणि तो लागत नाहीये! लोक आधी तो अर्थ ऐकतात, मग मला काय म्हणायचंय ते शोधतात, तो दीड सेकंद त्या शोधात जातो. मी रात्री “लागत नाही” खोडून पुन्हा “गरज नाही” लिहिलं आणि झोपले.

३ मार्च

सकाळी खोडलेलं परत घेतलं. दोन अर्थ लोकांच्या कानात आपोआप येत असतील तर मी त्यांच्याशी भांडते कशाला, चुकीचा अर्थ मीच आधी देते की! तो ताईच्या तोंडी दिला:

“ताई गेली परदेशात. परवा वैतागून म्हणते: बाबांना फोन लागत नाहीये. बरोबर आहे. बाबांना लागतच नाही फोन.”

आणि “लागणे” हातात आहेच तर टॅग, म्हणजे पंचच्या पाठीला पाठ लावून येणारा दुसरा छोटा पंच, त्याला नवा सेटअप द्यावा लागत नाही: “त्यांना लागते फक्त खिडकी.”

सध्या मला दुसरं काही सुचतच नाहीये, दिवसभर हे वाक्य तोंडात आहे. श्लेषाला हलका विनोद समजायची सवय असते, नुसती शाब्दिक कोटी म्हणून. मला वाटतं कोटी हलकी होते ती तिच्यामागे माणूस नसतो तेव्हा. इथे लेकीसाठी घसा फोडणारे बाबा आहेत.

९ मार्च

चाललं. पंचला चार, खिडकीला पाच! आणि खिडकीच्या वेळी मी थांबले, हसू वर चढू दिलं, खाली यायला लागलं तेव्हा पुढचा शब्द घेतला. पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर खोली थंड पडते आणि वर असताना बोललं तर शब्दही जातो, हसूही कापलं जातं. ही उतरतीची जागा कानाने पकडायची, मोजून येत नाही.

१७ मार्च

ज्यांच्यावर विनोद आहे त्यांना तो माहीत नाही हे मला टोचत होतं. रविवारी बाबांना समोर बसवून पूर्ण ऐकवला. ते गंभीरपणे ऐकत होते, मग म्हणाले, “मी कुठे हॅलो म्हणतो? मी ‘हां, बोल’ म्हणतो.” (नक्कल करताना मी हॅलो घेत होते.) आणि मग त्यांनी स्वतः करून दाखवलं, खालच्या मजल्याचं “हां, बोल”, गावाचं “हां, बोल”, आणि ताईचं. ताईच्या वेळी ते चक्क खुर्चीतून उठले. दर पायरीला शरीर वर येत होतं, आधी मान, मग पाठ, मग पूर्ण उभे, डावा हात कानावर, आणि हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. मी दहा वर्षं रोज बघतेय आणि मलाही दिसलं नव्हतं.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने १९०० साली हास्यावर लिहिताना मांडलंय की जिवंत माणसात यंत्रासारखं काही दिसलं की आपण हसतो. ते वाचून मी बाबांचं बटण फिरवल्यासारखं काहीतरी करत होते, हाताने रेग्युलेटर वगैरे. आता ते बंद. यंत्र दाखवायचं नाही, बाबा दाखवायचे, यंत्र लोकांना आपोआप दिसेल. विचारलं, लोकांसमोर करू ना हे? म्हणाले, “कर, पण हॅलो काढ.”

५ एप्रिल

दोन दिवसांची इम्प्रोव्हची, म्हणजे काही न लिहिता ऐनवेळी सुचेल तसं करायच्या नाट्यखेळांची, कार्यशाळा. लेखनाशी थेट संबंध नाही म्हणून जाणार नव्हते. हे खेळ व्हायोला स्पोलिन यांनी मुळात शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसाठी बसवले होते, भाषा वेगवेगळी असली तरी एकत्र खेळता यावं म्हणून, आणि त्यांचाच मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये सेकंड सिटी हे इम्प्रोव्हचं थिएटर सुरू करणाऱ्यांत होता. “हो, आणि” एवढाच नियम, समोरच्याने दिलेलं मान्य करायचं आणि त्यात भर घालायची. मी पहिले दोन तास समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत पुढचं वाक्य डोक्यात जुळवत होते आणि माझे सगळे सीन लटकले. दुसऱ्या दिवशी ऐकायला लागले. सेटमध्येही हेच करत होते मी, पाठ केलेलं पुढचं वाक्य डोळ्यांसमोर धरून बोलत होते, समोरची माणसं त्याच्या पलीकडे कुठेतरी.

१९ एप्रिल

वाईट रात्र. आयोजकांनी ऐनवेळी क्रम बदलला, शेवटच्या नंबरवर टाकलं, तोवर निम्मे लोक गेलेले, उरलेल्यांत सहा जणांचा एक घोळका आपापसांत गप्पा मारतोय. माझा आवाज आपोआप चढला, वेग वाढला, पाच मिनिटांचं ३ मिनिटं ५० सेकंदांत संपवून मी खाली. अख्ख्या सेटमध्ये तीनच्या वर एकही आकडा नाही.

घरी आल्यावर राग आयोजकांचा होता, तो आहेच, सांगून क्रम ठेवायला काय जातं. पण ऐकताना दिसलं की घोळका गप्प होता ती सगळी मिळून वीस सेकंदं होती आणि ती म्हणजे खालच्या मजल्याचं “हां, बोल”, मी जिथे एकदम हळू जाते. त्यांना ऐकू येईना म्हणून ते थांबले. पुढच्या वेळी अशा खोलीत आवाज चढवायचा नाही, उतरवायचा.

८ मे

सेटची जुळवणी. अमेरिकन कॉमेडियन जोन रिव्हर्स यांनी आयुष्यभर विनोद टाइप करून कार्डांवर, विषयवार खणांत लावून ठेवले होते, ६५,००० च्या आसपास. माझी कार्डं ४१ आहेत. जमिनीवर पसरून क्रम लावत बसले. सर्वात खात्रीचं शेवटी, त्याच्या खालोखालचं सुरुवातीला, नवीन आणि नाजूक मधे, एवढं सगळे सांगतात. मला शेवट मिळत नव्हता. बाबा सुरुवातीला आहेत, ताईचं बाळ शेवटाकडे, आणि अचानक दोन्ही कार्डं शेजारी पडलेली दिसली:

“ताईच्या बाळाने पहिला शब्द काढला. आम्हाला वाटलं ‘आई’ म्हणेल. जिजूंना वाटलं ‘बाबा’ म्हणेल. बाळ पाळण्यात उठून उभं राहिलं, डावा हात कानावर...”

“हां, बोल” मी म्हणतच नाही, बाळासारखी फक्त उभी राहते, ते लोक मनात म्हणतात. कॉलबॅक यालाच म्हणतात, आधी पेरलेलं नंतर अवचित उगवणं, पण ते लोकांनी स्वतः पूर्ण केलं तर त्यांचं होतं. बाळाने प्रत्यक्षात असं केलेलं नाही. इथे अतिशयोक्ती मला चालते, कारण आवाज साता समुद्रापार पोहोचतो ही भावना खरी आहे. ताईला मात्र आधी विचारलं.

एक कार्ड काढून टाकलं, माझं सगळ्यात आवडतं, वरिष्ठांच्या ईमेलवरचं. दरवेळी चार-पाच मिळतात त्याला, पण त्यानंतर लोक वेगळ्या मूडमध्ये जातात, जरा कडवट, आणि बाळापर्यंत परत येत नाहीत.

१ जून

लाइट, म्हणजे संपायला एक मिनिट उरल्याची खूण, आता मला दिसते आणि घाबरायला होत नाही. लाइट लागला की बाळ सुरू.

२७ जून

पाच मिनिटं चार सेकंद, अनोळखी खोली, साठेक माणसं. पहिलं हसू ११ व्या सेकंदाला. एकूण १७ ऐकू येणारी, त्यात चार वेळा पाच. शेवटी मी उभी राहिले, हात कानाकडे नेला आणि कान गाठायच्या आत मागून कोणीतरी मोठ्याने ओरडलं, “हां, बोल!” आणि सगळी खोली कोसळली. सहा लिहिलाय, पहिला सहा.

ताईला रेकॉर्डिंग पाठवलं. तिचा फोन आला, दीड पानाचं उत्तर तिने परत विचारलं नाही, म्हणाली, खिडकीच्या आधी तू श्वास घेतेस तो ऐकू येतो, लोकांना कळतं काहीतरी येतंय. मी परत ऐकलं. खरंच येतो. उद्यापासून त्या श्वासावर काम, तो “बरोबर आहे” च्या आधीच घेऊन टाकता येईल असं वाटतंय.